ओट्याचा दगड

वाचकहो, 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. गेल्या वर्षी आमचे स्वयंपाकघर नव्याने करण्याचा योग आला, तेव्हा या म्हणीला 'आणि ओट्याचा दगड पाहावा निवडून' अशी पुस्ती जोडावी असे मला वाटू लागले. त्यापायी आमचे तीन रविवार गावाबाहेरच्या मार्बलच्या दुकानांत गेले. तेथे दगडाच्या लाद्या ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे ओळीने उभ्या असतात. दुकानदार एकेका लादीवरून ओला हात फिरवितो आणि रंग उजळला की आपल्या तोंडाकडे बघतो. पत्नीने विचारले, "डाग पडतील का हो यावर?" मी विचारले, "चौरस फुटाला काय भाव?" आमच्याबरोबर आई आली होती. तिने विचारले, "हा दगड कुठला?"

दुकानदार जरा गोंधळला. "साऊथचा आहे, आजी," एवढेच तो म्हणाला. मी महाविद्यालयात इतिहास शिकवितो, तेव्हा आईचा हा प्रश्न खरे म्हणजे मीच विचारायला हवा होता. त्या दिवसापासून मी या दगडाच्या मागे लागलो. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया, असा एक समज आहे. पण ज्या दगडावर आपण रोज कणीक मळतो, त्यालाही इतिहास असतोच की.

प्रथम आपल्या घरचा दगड पाहू. पूर्व विदर्भ आणि दक्षिण कोकणाचा काही भाग सोडला, तर महाराष्ट्राच्या भूमीवर एकाच दगडाचे राज्य आहे. तो म्हणजे आपला काळा पाषाण, भूशास्त्रज्ञांचा बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन:पुन्हा वाहिला आणि थिजला, त्याचा हा दगड झाला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. सह्याद्रीचे कडे याच दगडाचे, आपले किल्ले याच दगडाचे, आणि आठव्या शतकातले वेरूळचे कैलास लेणेही याच दगडात कोरलेले.

हा दगड आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीच आला. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांहून जुन्या घरांत चुली सापडल्या, आणि धान्य रगडण्याचे दगडी पाटेही सापडले. फिरते जाते त्यानंतर पुष्कळ शतकांनी आले. जाते, पाटा, वरवंटा, उखळ ही सगळी मंडळी अगदी परवापरवापर्यंत आपल्या घरात होती. काळ्या पाषाणाचे कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून तो सहजी झिजत नाही. झिजून गुळगुळीत झालाच, तर त्याला टाकी लावून पुन्हा खरखरीत करता येतो. वडार समाजातील बाया पाटे-वरवंटे घेऊन गल्लीत येत आणि जुन्या पाट्याला टाकी लावून देत. लोखंडावर हातोडी पडल्याचा तो टकटक आवाज माझ्या आईच्या पिढीने रोज ऐकला आहे.

मग या दगडाचा ओटा का झाला नाही? याचे कारण दगडाच्या पोटातच आहे. काळ्या पाषाणाला पातळ पदर नसतात. त्याचा चिरा घडविता येतो, मूर्ती घडविता येते, पण छिन्नी-हातोडीने त्याची बोटभर जाडीची, पाच फूट लांबीची सपाट लादी काढणे जवळजवळ अशक्य. कोकणातला आणि गोव्यातला जांभा तर सच्छिद्र. भिंतीला उत्तम, पण त्यावर ताक सांडले तर ते त्याच्या पोटातच जायचे.

आणि खरे सांगायचे तर ओट्याची गरज तरी कोणाला होती? वाड्यातले स्वयंपाकघर जमिनीवर होते. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा जमिनीवर, आणि स्वयंपाक करणारी बाईही पाटावर बसलेली. शेणाने सारवलेली जमीन हाच तिचा ओटा. तिने दिवसातून किती वेळा उठबस करायची आणि किती वेळा वाकायचे, याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

बदल झाला तो बाहेरून, आणि तो रेल्वेने आला असे म्हणावयास हरकत नाही. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली, हे आपण शाळेत शिकलो. पण ओट्याच्या इतिहासात त्याहून महत्त्वाचे साल १८७१. त्या वर्षी मुंबईकडून सोलापूर, गुलबर्गामार्गे गेलेला लोहमार्ग आणि मद्रासकडून आलेला लोहमार्ग रायचूरला एकमेकांस मिळाले. आता या मार्गावरची दोन स्टेशने बघा. एक आहे गुलबर्ग्याजवळचे, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले शहाबाद. आणि दुसरे आंध्रातले कडप्पा. आपल्या घरांतली शहाबादी फरशी आणि काळा कडप्पा ही दोन्ही नावे एकाच लोहमार्गावरची!

हे दोन्ही दगड चुनखडीचे. पन्नास कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी समुद्राच्या तळाशी चुन्याचा गाळ पदर पदर साचत गेला आणि दाबाने त्याचा दगड झाला. लाव्ह्याला जे जमले नाही ते या गाळाला जमले. त्याच्या पदरांत पाचर ठोकली की बऱ्याचशा सपाट लाद्या आपोआप सुटतात. यंत्र नको, करवत नको. पाचर, पहार आणि माणसाचे बळ एवढ्यावर काम भागते. मात्र लादी असते जड. बैलगाडीने ती मुंबई-पुण्याला आणायची म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. रेल्वे नसती तर शहाबादी फरशी गुलबर्ग्याच्या आसपासच राहिली असती.

शहाबाद जमिनीवर आले, न्हाणीत आले, चाळीच्या मोरीत आले. काळा कडप्पा फळ्या म्हणून भिंतीत बसला, आणि पुढे विटांच्या दोन भिंतींवर आडवा पडून त्याचा ओटा झाला. पण त्याआधी चूल उठायला हवी होती. लाकडाची चूल जमिनीवरच शोभायची. वाऱ्याच्या स्टोव्हने मात्र विस्तव उचलून हवा तेथे ठेवण्याची सोय केली. हा स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली निघाला आणि 'प्रायमस' या नावाने आपल्या घरोघर पोचला. त्यानंतर १९५५ साली मुंबईत सिलिंडरमधला गॅस आला. गॅसची शेगडी जमिनीवर कोण ठेवणार? सिलिंडर खाली, शेगडी वर आणि बाई उभी, अशी नवी मांडणी झाली.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा, ही मांडणी सुखासुखी झालेली नाही. आमची आजी म्हणे, "उभ्याने का कोणी स्वयंपाक करतं? ते हॉटेलवाल्यांचं काम." आई मात्र सांगते, की ओटा झाला त्या दिवशी तिने पोळ्या केल्या आणि पहिल्यांदाच तिच्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. आता उभे राहून पाय दुखतात हेही खरे, पण ते दुखणे निराळे. ओट्याची उंची मिस्त्रीच्या सवयीने न ठरविता स्वयंपाक करणाऱ्याच्या कोपराने ठरवावी, आणि ओटा कोपराच्या थोडा खाली असावा, एवढे केले तरी पुष्कळ सोसणे वाचते. आमच्या घरी मी उंच आणि पत्नी बुटकी. माप अर्थातच तिचे घेतले. पोळ्या मी लाटत नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

आता पत्नीच्या प्रश्नाकडे येतो. डाग पडतील का? याचे उत्तरही दगडाच्या जन्मातच आहे. कडप्पा, शहाबाद, राजस्थानातला कोटा हे सगळे चुनखडीचे. संगमरवर म्हणजे तीच चुनखडी, भूगर्भातल्या उष्णतेने आणि दाबाने पुन्हा घडलेली. ज्या मकराण्याच्या संगमरवराने ताजमहाल सजला तोही मुळात चुन्याचाच. आणि चुन्याचे आंबटाशी वैर आहे. लिंबू, चिंच, कोकम, ताक, टोमॅटो यांतले काहीही सांडले आणि तसेच राहिले, की त्या जागी दगडाची झिलई उतरते. पुष्कळ गृहिणी तो पांढुरका ठिपका घासघासून थकतात. पण तो डाग नव्हेच, तेथे दगडच किंचित विरघळलेला असतो. लागलेला डाग घासून जाईल, गेलेला दगड कसा परत येणार? आता बघा, ज्या स्वयंपाकात आमटीला आमसूल आणि पोह्यांवर लिंबू, तेथे पांढरा संगमरवर म्हणजे हळदीच्या अंगाला पांढरे धोतर! पोळपाटाला संगमरवर उत्तम, कारण तो थंड राहतो. देवघरातही शोभतो. ओट्याला मात्र नको.

याची परीक्षा सोपी आहे. दुकानातून लादीचा एक तुकडा मागून घ्यावा. त्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब आणि तेलाचे चार थेंब टाकून रात्रभर ठेवावा. सकाळी पुसून उजेडात तिरका धरून पाहावा. जे दुकानदार सांगत नाही ते तुकडा सांगतो.

न्हाणीघराचा न्याय थोडा वेगळा. तेथे आंबट सांडत नाही, पण फरशी धुण्याचे ॲसिड ओतण्याची आपल्याकडे खोड आहे. ते शहाबादला, कोट्याला आणि संगमरवराला खाते. शिवाय न्हाणीत आरशासारखी घोटलेली लादी बसविणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या कमरेशी वैर. आपल्या जुन्या न्हाणीतली खडबडीत शहाबादी दिसायला ओबडधोबड होती, पण तिच्यावर पाय ठरत असे. पायाखाली खडबडीत आणि हाताखाली गुळगुळीत, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी निभावते.

आता ग्रॅनाइटकडे वळू. ग्रॅनाइट दक्षिणेत आणि राजस्थानात मुबलक. देवळांतून तो हजार वर्षे उभा आहे. तंजावरच्या बृहदीश्वराचे मंदिर त्याचेच. मग घरातल्या ओट्यावर यायला त्याला विसावे शतक संपत का यावे लागले? कारण कठीणपणा. खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी मोजपट्टी आहे. तिच्यात चुनखडीतले खनिज तिसऱ्या पायरीवर, सुरीचे पोलाद साडेपाचच्या आसपास, तर ग्रॅनाइटमधली गारगोटी सातव्या पायरीवर. म्हणजे सुरीने कडप्प्यावर चरा उठेल, ग्रॅनाइटवर सुरीच बोथट होईल. असा दगड पातळ चिरायचा तर दहाव्या पायरीवरचा हिराच हवा. तो हिरा प्रयोगशाळेत तयार करण्याचे तंत्र अमेरिकेत १९५४ च्या डिसेंबरात साधले आणि १९५५ साली जाहीर झाले. म्हणजे मुंबईत गॅस आला त्याच वर्षी! हिऱ्याची भुकटी लावलेली पाती पुढे स्वस्त झाली आणि डोंगर पापडासारखे कापले जाऊ लागले. मध्यमवर्गीयांच्या घरांत ग्रॅनाइट आला तो या हिऱ्याच्या पाठीवर बसून.

येथे एक गंमत सांगतो. दुकानात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून जो काळाभोर दगड मिळतो, त्याला भूशास्त्रज्ञ ग्रॅनाइट म्हणतच नाहीत. तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. आणि हे दोघे आहेत आपल्या बेसॉल्टचे सख्खे भाऊ. रस तोच. बेसॉल्ट उघड्यावर झपाट्याने थिजला, हे दोघे जमिनीच्या पोटात सावकाश थिजले, म्हणून त्यांचे कण मोठे. ज्या काळ्या पाषाणाला आपण पाटा म्हणून जमिनीवर ठेवले, त्याचाच भाऊ दक्षिणेतून येऊन आपल्या ओट्यावर बसला. हे मी आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग घरचाच की!" आमचा दगड तेथेच ठरला.

पण वाचकहो, अजून एक प्रश्न उरला. तो आमच्यापैकी कोणीच दुकानात विचारला नव्हता. हा दगड कापतो कोण?

हा प्रश्न मला सुचला त्यामागे एक जुनी आठवण आहे. लग्नानंतर आम्ही पहिले घर घेतले, तेव्हा ओटा बसवायला मिस्त्रीबरोबर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला होता. सिंकसाठी दगडात भोक पाडायचे होते. त्याने गॅलरीत बसून हातातल्या कटरने कोरडाच दगड कापला. घरभर धुरळा झाला. आम्ही धावत जाऊन भांडी झाकली, कपाटे बंद केली, पुस्तकांवर चादरी टाकल्या. सगळे झाकले. त्या मुलाने नाकाला नुसता रुमाल बांधला होता, त्याच्या पापण्याही पांढऱ्या झाल्या होत्या. आम्ही त्याला चहा दिला आणि धुरळा केल्याबद्दल मिस्त्रीकडे तक्रार केली.

गारगोटीचा बारीक धुरळा छातीत गेला की फुप्फुसाला आतून व्रण पडत जातात आणि ते हळूहळू घट्ट होते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. १७०० साली इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात पाथरवटांच्या छातीत जाणाऱ्या धुळीची नोंद आहे. रोग्याला वैद्याने आणखी एक प्रश्न विचारावा, तू काम काय करतोस, असा सल्लाही त्याने दिला. त्याला सव्वातीनशे वर्षे झाली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात हा रोग कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. तरीही मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कितीतरी कामगार याच रोगाने तरुणपणी गेले. वाचकहो, ज्या पेन्सिलींनी आपण अ आ इ गिरवले, त्याच पेन्सिली.

आता नव्या काळात हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. बाजारात 'क्वार्ट्झ' नावाचा कृत्रिम दगड आला आहे. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटीच. ती दळून, राळेसारख्या रसायनात बांधून त्याच्या लाद्या करतात. त्यावर लिंबाचा डाग पडत नाही, रंग हवा तो मिळतो. तापलेला कुकर मात्र त्यावर थेट ठेवू नये, रसायन करपते. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. या दगडात गारगोटीचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वरही असते. ग्रॅनाइटमध्ये ते सामान्यतः निम्म्याहून कमी, चुनखडीत आणि काळ्या डोलेराइटमध्ये फारच थोडे. कृत्रिम दगड कोरडा कापणाऱ्या तरुण कामगारांना थोड्याच वर्षांत हा रोग जडतो, असे स्पेन, इस्रायल, ऑस्ट्रेलिया अशा देशांत दिसून आले. अखेर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडाच्या लाद्या बनविणे, विकणे आणि बसविणे यांवर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश. अलीकडच्या कमी गारगोटीच्या लाद्या निराळ्या. तेव्हा कोणी असा दगड दाखविला, तर त्यात गारगोटी किती, हे जरूर विचारावे.

घरात बसविलेला दगड कोणाला रोगी करीत नाही, हेही स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या कोणी चांगला ओटा फोडायचे! धोका आहे तो कापताना आणि घासताना. आणि त्यावर उपाय नवा नाही, महागही नाही. तो म्हणजे पाणी. पाण्याखाली कापले की पुष्कळसा धुरळा हवेत न उडता चिखल होऊन खाली बसतो. गिऱ्हाईक म्हणून आपल्या हातात एवढे निश्चित आहे की, सिंकचे आणि शेगडीचे माप आधी पक्के करावे, आणि भोके व कडा दुकानातच पाण्याच्या यंत्रावर करून घ्याव्यात. घरी आणून हातातल्या कटरवर पाणी ओतण्याचा शहाणपणा करू नये, तेथे विजेच्या धक्क्याचे भय असते.

यंदा आम्ही तसे केले. दुकानदार प्रथम म्हणाला, "साहेब, साईटवर करून देतो ना, कशाला पैसे वाढवता?" पैसे थोडे वाढले, आठवडाही लांबला. आईने मापाचा कागद स्वतः दोनदा तपासला. लादी आली ती भोकासकट आली. मिस्त्रीने ती उचलली, बसविली, सांधे भरले आणि तो दुपारी जेवायला घरी गेला. त्या दिवशी आम्हांला एकही भांडे झाकावे लागले नाही.

पहिल्या वेळच्या त्या मुलाचे नाव मी विचारले नव्हते. आता तो चाळिशीकडे झुकला असेल. काम कोणते करतो, श्वास कसा घेतो, मला ठाऊक नाही.

आमचा जुना पाटा आता ओट्याखाली आहे. सणावारी आई तो बाहेर काढायला लावते. तो गुळगुळीत झाला आहे, त्याला टाकी लावायला हवी. पण टाकी लावणारी कोणी अलीकडे गल्लीत आलेली नाही.